जननमान, आयुर्मान आणि परभणी जिल्हा : लोकसंख्या-संक्रमणाच्या सिद्धान्ताचे एक परीक्षण

१

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण मराठवाड्यात कौतुकाने आणि तितक्याच थट्टेने उच्चारली जाते. लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासकाने मात्र ती काही काळ गंभीरपणे घ्यावी, अशी परिस्थिती आज निर्माण झालेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्राचे एकूण जननमान १.७ इतके आढळले. जर्मनीचे जननमान २०२१ साली १.५८ होते. दोन्ही आकडे लोकसंख्या स्थिर राखण्यास लागणाऱ्या २.१ ह्या मर्यादेच्या खाली आहेत, आणि त्यांतील अंतर अगदी थोडे आहे. देशादेशांतील जननमानाची तुलना करणाऱ्या कोणत्याही कोष्टकात हे दोन प्रदेश एकाच रकान्यात बसतील.

परंतु जर्मनीतील स्त्री पहिल्या अपत्याची माता होते ती वयाच्या तिसाव्या वर्षाच्या सुमारास. आणि परभणी जिल्ह्यात, ह्याच पाहणीनुसार, २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ४८ स्त्रियांचा विवाह वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेला होता. राज्याचे हे प्रमाण शेकडा २१.९ होते, राज्यातील सर्व जिल्ह्यांत परभणीचे प्रमाण सर्वाधिक ठरले. परभणीचे स्वतंत्र जननमान ही पाहणी देत नाही. २००१ ते २०११ ह्या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या शेकडा २०.१८ ने वाढून १८,३६,०८६ झाली, तर राज्याची वाढ शेकडा १५.९९ होती, ह्यावरून जिल्ह्याचे जननमान राज्याच्या सरासरीहून काहीसे अधिक असावे, असे अनुमान करता येते. तथापि ज्या समाजात निम्म्याजवळ मुलींचे विवाह अठराच्या आत होतात, त्या समाजात पूर्वीच्या सर्व सिद्धान्तांप्रमाणे जेवढी अपत्यसंख्या अपेक्षावी, तिच्या जवळपासही आजची परभणी नाही. मूल कमी, पण विवाह लवकर, असा हा योग आहे. तो प्रचलित सिद्धान्तांत कोठे बसतो, आणि बसत नसल्यास दोष परभणीचा की सिद्धान्ताचा, ह्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

२

जननमान व मृत्युमान ह्यांच्या परस्परसंबंधाचे सर्वांत प्रतिष्ठित विवेचन म्हणजे लोकसंख्या-संक्रमणाचा सिद्धान्त होय. १९२९ साली वॉरन थॉम्पसन ह्यांनी त्याची रूपरेषा मांडली. १९३४ साली फ्रान्समध्ये आदोल्फ लाँद्री ह्यांनी आणि १९४५ साली फ्रँक नोटस्टीन ह्यांनी तिला पुष्कळसे पूर्ण रूप दिले. सिद्धान्ताचा आशय थोडक्यात असा : प्रथम मृत्युमान घटते, काही काळ जननमान पूर्ववत उंच राहिल्याने लोकसंख्या झपाट्याने वाढते, पुढे उद्योगीकरण, नागरीकरण, शिक्षण आणि स्त्रीच्या स्थितीतील बदल ह्यांमुळे जननमानही उतरते आणि दोहोंचा समतोल खालच्या पातळीवर पुन्हा साधला जातो.

ह्या सिद्धान्ताचा पूर्वार्ध भारतास आणि परभणीस पूर्णपणे लागू पडतो, हे मान्य केले पाहिजे. किंग्स्ली डेव्हिस ह्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या भारत व पाकिस्तान ह्यांच्या लोकसंख्येवरील ग्रंथात १९११–२१ ह्या दशकातील भारतीयाचे आयुर्मान सुमारे वीस वर्षे धरले आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीची काळी छाया त्या आकड्यावर आहे. १९४१–५० ह्या दशकात ते सुमारे ३२ वर्षे होते, आणि २०१६–२० ह्या काळात ते सत्तरीस पोहोचले. ह्या शतकभरात परभणीच्या राजकीय स्थितीत तीन स्थित्यंतरे झाली : सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा घटक झाला. १९९९ साली हिंगोली जिल्हा त्यातून वेगळा निघाला. मृत्युमानाची घट मात्र ह्या सीमारेषांपाशी अडली नाही.

सिद्धान्ताचा उत्तरार्ध अधिक शंकास्पद आहे. जननमान घटण्यास आधी उद्योगीकरण व नागरीकरण व्हावे लागते, हे विधान युरोपातही टिकले नाही. प्रिन्स्टन विद्यापीठात ॲन्स्ली कोल ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १९६३ पासून युरोपातील प्रांतांचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात विकासाची अशी कोणतीही एक निश्चित पायरी सापडली नाही, की जी ओलांडताच जननमान उतरू लागते. उद्योगीकरणात इंग्लंडच्या मागे असलेल्या फ्रान्समध्ये संततिनियमन आधी रूढ झाले. आणि आर्थिक स्थितीपेक्षा भाषा व संस्कृती ह्यांच्या सीमांना अनुसरून नवी चाल पसरल्याचे अनेक ठिकाणी दिसून आले. परभणी जिल्हा २०११ सालीही सुमारे दोन-तृतीयांशांहून अधिक ग्रामीण होता आणि त्याची उपजीविका मुख्यतः कापूस, ज्वारी व सोयाबीन ह्यांच्या कोरडवाहू शेतीवर व मजुरीवर अवलंबून आहे. तेथेही लहान कुटुंब आले, ते कारखान्यांच्या मागोमाग आले नाही. तेव्हा संक्रमणाचा सिद्धान्त घटनांचे वर्णन म्हणून उपयुक्त असला, तरी कारणमीमांसा म्हणून अपुरा आहे.

३

कारणमीमांसेचे अधिक सूक्ष्म साधन किंग्स्ली डेव्हिस व ज्युडिथ ब्लेक ह्यांनी १९५६ साली पुरविले. दारिद्र्य, शिक्षण, धर्म, कुटुंबरचना इत्यादी दूरस्थ कारणे जननावर प्रत्यक्ष परिणाम करू शकत नाहीत. ती अकरा मध्यवर्ती घटकांच्या द्वारेच करतात, हे त्यांचे प्रतिपादन. त्यांत पहिला मान विवाहवयाचा. १९६५ साली जॉन हाइनल ह्यांनी दाखवून दिले, की लेनिनग्राडपासून त्रिएस्तपर्यंत ओढलेल्या रेषेच्या पश्चिमेस स्त्रिया उशिरा विवाह करीत व बऱ्याच स्त्रिया अविवाहित राहत. ह्या चालीमुळेच संततिनियमनाची साधने नसतानाही पश्चिम युरोपाचे जननमान मर्यादित राहिले. भारतात एस. एन. आगरवाला ह्यांनी विवाहवयावरील आपल्या अभ्यासात (१९६२) आणि त्यानंतरच्या लेखनात ह्याच सूत्राचा आधार घेतला. मुलीचे विवाहवय वाढविले म्हणजे जन्ममान उतरेल, ही अपेक्षा त्या काळी सार्वत्रिक होती. १९७८ साली मुलीचे किमान विवाहवय अठरा करणाऱ्या दुरुस्तीमागेही ती होती.

आजचे आकडे ह्या अपेक्षेची विलक्षण परीक्षा घेतात. पाचव्या फेरीतील दोन राज्ये शेजारी ठेवून पाहावीत. बिहारमध्ये अठराच्या आत विवाह झालेल्या तरुणींचे प्रमाण शेकडा ४०.८ होते आणि जननमान ३.०, पश्चिम बंगालमध्ये हेच प्रमाण शेकडा ४१.६, परंतु जननमान अवघे १.६. विवाहवय जवळजवळ एकच, आणि जननमानात दुपटीजवळ अंतर! आंध्र प्रदेशातही शेकडा २९ मुलींचे विवाह अठराच्या आत होत असता जननमान १.७ होते. बांगलादेशात एकूण जननमान १९७५ च्या सुमारास ६.३ होते, ते २०११ पर्यंत २.३ वर आले. परंतु २०१९ च्या पाहणीतही तेथील निम्म्या तरुणी अठराच्या आत विवाहित झालेल्या होत्या. परभणी हा अपवाद नव्हे. तो एका वर्गाचा प्रतिनिधी आहे, आणि त्या वर्गास संक्रमणाच्या ग्रंथांत स्वतंत्र नाव नाही.

ह्या कोड्याचा उलगडा जॉन बोंगार्ट्स ह्यांच्या १९७८ च्या मांडणीतून होतो. अकरा घटकांपैकी प्रत्यक्षात चार घटकच निर्णायक ठरतात, असे त्यांनी दाखविले : विवाह, संततिनियमन, गर्भपात आणि प्रसूतीनंतरचा स्तनपानामुळे लांबणारा वंध्यकाल. एका घटकाची ढिलाई दुसऱ्याच्या कडकपणाने भरून निघू शकते. महाराष्ट्रात हा दुसरा घटक म्हणजे स्त्रीची शस्त्रक्रिया होय. पाचव्या फेरीत राज्यातील विवाहित स्त्रियांपैकी शेकडा ४९ स्त्रियांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते, आणि दोन अपत्यांत अंतर ठेवणाऱ्या गोळ्या व तांबी ह्यांचा वाटा अल्प होता. शस्त्रक्रियेच्या वेळी स्त्रीचे मध्यक वय भारतात पंचवीस-सव्वीस वर्षांच्या आसपास आढळते. सतराव्या वर्षी विवाह, विसाव्याच्या आत पहिले मूल, लगोलग दुसरे, कधी मुलगा हवा म्हणून तिसरे, आणि पंचविशीत शस्त्रक्रिया, असा हा आयुष्यक्रम आहे. त्याच्या शेवटी जो आकडा हाती येतो तो जर्मन आकड्याच्या जवळचा असतो. त्याच्याकडे जाणारी वाट मात्र सर्वस्वी निराळी असते.

ही वाट आपोआप पडलेली नाही. १९५२ साली भारताने शासकीय कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. त्यापूर्वी तीस वर्षे, १९२१ साली, र. धों. कर्वे ह्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते, आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून ते हा विचार मांडीत होते. कर्व्यांच्या विचारात संततिनियमन हे स्त्रीच्या हातातील साधन होते. केव्हा मूल व्हावे आणि व्हावे की नाही, हे तिने ठरवावे, असा त्यांचा आग्रह होता. शासकीय कार्यक्रमात ‘केव्हा’ हा प्रश्न मागे पडून ‘किती’ हा एकच प्रश्न उरला. प्रारंभी भर पुरुषांच्या शस्त्रक्रियेवर होता. १९७६–७७ ह्या एकाच वर्षात, आणीबाणीच्या सक्तीखाली, देशात सुमारे ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. ते कायदा होऊ शकले नाही. १९७७ नंतर पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे नाव काढणे राजकारण्यांना अशक्य झाले आणि सगळा भार स्त्रीच्या देहावर आला. परभणीतील सुनेचे पंचविशीत होणारे ‘ऑपरेशन’ हे अशा रीतीने आणीबाणीचेही एक दूरचे अपत्य आहे.

४

विवाह लवकर का होतात, हा प्रश्न तरीही उरतोच. ह्याचे उत्तर ‘अज्ञान’ ह्या एका शब्दात देण्याची रीत आहे. ती अभ्यासकास शोभणारी नाही. मराठवाड्यास कायद्याचा संस्कारही उशिरा मिळाला, हे खरे : १९२९ चा सारडा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, निजामाच्या राज्यास तो लागू नव्हता. परंतु १९२९ आता फार मागे राहिले आहे. १९७८ नंतर जन्मलेल्या मुलींच्या मुलींचेही विवाह आज होत आहेत. जुन्या रूढीने आजच्या वर्तनाचे स्पष्टीकरण पुरे होत नाही. आज ती रूढी कोणाच्या उपयोगाची आहे, हे पाहिले पाहिजे.

जॉन कॉल्डवेल ह्यांनी १९७६ साली मांडलेला संपत्तिप्रवाहाचा सिद्धान्त ह्या बाबतीत मार्गदर्शक आहे. जोवर संपत्ती व श्रम मुलांकडून आईबापांकडे वाहतात तोवर मोठे कुटुंब फायद्याचे; प्रवाह उलटला, मुलांवर खर्च होऊ लागला, म्हणजे लहान कुटुंब फायद्याचे. परभणीत हा प्रवाह मुलांच्या बाबतीत पुष्कळसा उलटला आहे; शाळेचा, खासगी शिकवणीचा, दवाखान्याचा खर्च गावोगाव ऐकू येतो. परंतु कॉल्डवेल ह्यांच्या मांडणीत श्रमाचा घटक म्हणजे ‘मूल’ होय. परभणीच्या काही भागांत श्रमाचा घटक ‘जोडपे’ हा आहे. दक्षिणेकडील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून, गंगाखेड, पालम, सोनपेठ ह्या तालुक्यांतून, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्या माणसाचा तो अर्धा कोयता. अविवाहित मुलास पुरी उचल मिळत नाही. वयात आलेल्या मुलीला पाच-सहा महिने गावी कोणाच्या आधारावर ठेवावे, हा आईबापांपुढचा पेच. आणि फडावरच्या उघड्या कोपीत तिला बरोबर न्यावे, तर तो दुसरा पेच. दोन्ही बाजूंचे हिशेब एकाच ठिकाणी येऊन मिळतात : लग्न उरकून टाकावे. ह्या व्यवस्थेत विवाह लवकर होणे लाभाचे आहे, पण मुले पुष्कळ असणे लाभाचे नाही, कारण लहान मूल पदरात असलेल्या स्त्रीचा कोयता मंद चालतो. लवकर विवाह व लवकर शस्त्रक्रिया ह्यांचा योग येथे विसंगत राहत नाही. तो एकाच अर्थव्यवहाराची दोन अंगे ठरतो.

ऊसतोड हे सर्व जिल्ह्याचे स्पष्टीकरण नव्हे. पूर्णा-मानवतच्या सपाट प्रदेशातही लवकर विवाह होतात. तेथे दुसरी कारणे अधिक बलवान असावीत : मुलगी जितकी मोठी व शिकलेली तितका हुंडा अधिक, सातवी-दहावीनंतरची शाळा दुसऱ्या गावी आणि तेथे जाणारी बस वेळेवर नाही, नापिकीच्या वर्षी थोरलीच्या मांडवात धाकटीचेही लग्न लावून टाकण्यातली काटकसर. इरावती कर्वे ह्यांनी भारतीय आप्तसंबंधांवरील आपल्या ग्रंथात (१९५३) महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण ह्यांमधील संधिप्रदेश मानले आहे. मामाच्या मुलीशी विवाह येथे चालतो, उत्तरेत चालत नाही. टिम डायसन व मिक मूर ह्यांनी १९८३ साली ह्याच भेदावर आपला सिद्धान्त उभारला. दक्षिणेत मुलगी ओळखीच्या घरात जाते, माहेरापासून तुटत नाही. म्हणून तिला अधिक स्वातंत्र्य, म्हणून जननमान व बालमृत्यू कमी. महाराष्ट्राची गणना त्यांनी दक्षिणेच्या गटात केली. परंतु परभणीत ह्याच रिवाजाची दुसरी बाजूही संभवते. सोयरीक आधीच ठरल्यासारखी असेल, तर थांबावयाचे कशासाठी, असा प्रश्न घरातले करू शकतात. जो रिवाज मुलीला सासरी आधार देतो, तोच तिला लवकर सासरी पाठविण्यासही सोयीचा पडतो.

ममता मूर्ती, गिओ व द्रेझ ह्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेला जिल्हावार अभ्यास भारतीय संशोधनात योग्य कारणाने मान्यता पावला आहे. १९८१ च्या जनगणनेतील २९६ जिल्ह्यांचे पृथक्करण करून त्यांनी दाखविले, की जननमान व बालमृत्यू घटविण्यात स्त्रियांची साक्षरता व स्त्रियांचा श्रमातील सहभाग हे घटक प्रभावी ठरतात. पुरुषांची साक्षरता, नागरीकरण वा दारिद्र्य ह्यांचा प्रभाव त्या मानाने क्षीण असतो. देशाऐवजी जिल्हा हे एकक धरणे, हीच त्या अभ्यासाची मोठी देणगी. परंतु त्यातील ‘स्त्रियांचा श्रमसहभाग’ हे माप परभणीस लावताना सावध राहिले पाहिजे. फडात ऊस तोडणारी स्त्री जनगणनेत कामकरी म्हणून मोजली जाते. तिची उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या नावे लिहिली जाते. श्रम तिचा आणि मोबदल्यावरील ताबा दुसऱ्याचा, अशा ठिकाणी श्रमसहभागाचे प्रमाण वाढल्याने स्त्रीचे निर्णयस्वातंत्र्य वाढते, असे गृहीत धरता येत नाही. निर्देशांक तोच राहतो, त्याचा अर्थ बदलतो. साक्षरतेचेही तसेच आहे : सही करता येणारी मुलगी आणि बारावीच्या वर्गात बसलेली मुलगी ह्या दोघी एकाच रकान्यात मोजल्या जातात, विवाह लांबतो तो दुसरीचा.

५

आयुर्मानाकडे वळले, तरी हाच अनुभव येतो. सॅम्युअल प्रेस्टन ह्यांनी १९७५ साली दाखवून दिले, की १९३० ते १९६० च्या दशकांच्या दरम्यान जगात आयुर्मानाची जी वाढ झाली, तिचा शेकडा १० ते २५ इतकाच भाग उत्पन्नवाढीमुळे झाला. उरलेला भाग लसीकरण, रोगनिवारण, स्वच्छता ह्यांसारख्या उपायांनी साधला. कॉल्डवेल ह्यांनी १९८६ साली श्रीलंका, केरळ व कोस्टारिका ह्यांच्या उदाहरणांनी तेच सूत्र पुढे नेऊन स्त्रीशिक्षण व हाताशी असलेली आरोग्यसेवा ह्यांना त्याचे श्रेय दिले. महाराष्ट्रात ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण गडचिरोली जिल्ह्याचे आहे. अभय व राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातीलच स्त्रियांना शिकवून नवजात अर्भकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत बसविली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात-मृत्यूंत शेकडा ६२ इतकी घट आढळली. गावे श्रीमंत झाली नव्हती, मोठी इस्पितळेही उभी राहिली नव्हती.

म्हणजे दारिद्र्य कायम असताही आयुर्मान वाढविता येते, ही आनंदाची गोष्ट. परंतु तीतच एक धोका लपलेला आहे. आयुर्मान ही सरासरी आहे, आणि तीत अर्भकमृत्यूचे वजन फार मोठे असते. एक कल्पित उदाहरण घ्यावे. हजार बालकांपैकी १५० बालके पहिल्या वर्षातच दगावत असतील आणि उरलेली सरासरी ५५ वर्षे जगत असतील, तर आयुर्मान सुमारे ४७ वर्षे येते. अर्भकमृत्यू १६ वर आणले आणि प्रौढांच्या जीवनात काडीचाही फरक केला नाही, तरी तेच आयुर्मान ५४ होते. सात वर्षांची ही वाढ खरी आहे. पण तिच्यावरून प्रौढ स्त्री-पुरुष अधिक निरोगी झाले, असे म्हणता येत नाही. महाराष्ट्राचा अर्भकमृत्युदर २०२० साली हजारी १६ होता, देशाचा २८. हे राज्याचे मोठे यश होय. त्याच वेळी राज्यातील प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या, ही गोष्ट आयुर्मानाच्या आकड्यात उमटत नाही.

ह्या ठिकाणी जननाचा प्रश्न व आयुष्याचा प्रश्न एकमेकांस येऊन मिळतात. अठरा-वीस वर्षांच्या आतील मातेचे मूल कमी वजनाचे निपजण्याचा व पहिल्या महिन्यात दगावण्याचा संभव अधिक असतो. लागोपाठच्या बाळंतपणांनी तो वाढतो. लवकर झालेला विवाह अपत्यांची संख्या फारशी वाढवीत नसेल. तो अपत्यांच्या आयुष्याची सुरुवात आणि मातेच्या शरीराची पुंजी ह्या दोन्ही गोष्टी खर्ची घालतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांपैकी कित्येकींची मुले होऊन गेलेली, शस्त्रक्रियाही आधीच झालेली. त्यामुळे जननमानात ह्या दुसऱ्या शस्त्रक्रियेची खूण उमटत नाही; त्या स्त्रिया जिवंत असल्याने आयुर्मानातही उमटत नाही. दोन्ही निर्देशांकांच्या दृष्टीने ती घडलेलीच नाही.

ह्यात साधनांचीही उणीव आहे. १९५३ साली वि. म. व कुमुदिनी दांडेकर ह्यांनी गोखले संस्थेतर्फे पुणे जिल्ह्यातील जननमान व मृत्युमान ह्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. आज नमुना नोंदणी पद्धती आयुर्मान देते ते राज्यांचे, जिल्ह्याचे नाही. कुटुंब आरोग्य पाहणी जिल्ह्याचे विवाहवय देते, जननमान देत नाही. परभणीच्या बाबतीत म्हणूनच दोन आकडे एका जागी येत नाहीत, आणि जे एका जागी येत नाहीत त्यांचा संबंध कोणाच्या सहज ध्यानातही येत नाही.

६

ह्यावर असा आक्षेप येईल, की लवकर विवाह ही जाता जाता उरलेली अवस्था आहे. राज्याचे प्रमाण चौथ्या फेरीतील शेकडा २६.३ वरून पाचव्या फेरीत २१.९ वर आले, तसे परभणीचेही काळाच्या ओघात उतरेल. आक्षेप निराधार नाही. परंतु बांगलादेशाचा व पश्चिम बंगालचा अनुभव सांगतो, की जननमान उतरून दशके लोटली तरी विवाहवय मागेच राहू शकते. किंबहुना जननमान खाली आले म्हणजे विवाहवयाकडे पाहण्याची शासनाची निकड संपते. लोकसंख्येचा आकडा आटोक्यात आला, मग मुलीने कोणत्या वयात किंमत मोजली, हे कोण विचारतो?

संख्येच्या दृष्टीनेही वयाची उपेक्षा परवडणारी नाही. माता-कन्या ह्यांच्या वयांतील अंतर वीस वर्षे असेल, तर शतकात पाच पिढ्या होतात. पंचवीस असेल, तर चार. प्रत्येक स्त्री मागे सरासरी १.१ मुली ठेवील असे धरले, तर पहिल्या स्थितीत शंभर वर्षांत संख्या १.६१ पट होते, दुसऱ्या स्थितीत १.४६ पट. बोंगार्ट्स व फीनी ह्यांनी १९९८ साली दाखविल्याप्रमाणे, मातृत्वाचे वय जोवर वाढत असते तोवर वार्षिक जननमान खरोखरीच्या अपत्यसंख्येहून कमी दिसते. जर्मनीच्या जननमानात वाढत्या वयाचा हा परिणाम कित्येक वर्षे मिसळलेला होता. परभणीला तो अजून पुरता भेटावयाचा आहे. म्हणजे सारखे दिसणारे दोन आकडे गणितानेही सारखे नाहीत.

महाराष्ट्रात ‘किती’ऐवजी ‘केव्हा’ हा प्रश्न हाती घेण्याचा एक प्रयत्न झालेला आहे. सातारा जिल्हा परिषदेने २००७ साली नवविवाहितांनी पहिले मूल दोन वर्षे लांबविल्यास पाच हजार रुपये व तीन वर्षे लांबविल्यास साडेसात हजार रुपये देण्याची योजना काढली. ‘दुसरा मधुचंद्र’ ह्या नावामुळे तिची थट्टा झाली. परंतु नवविवाहितेच्या आयुष्यातील पहिली दोन-तीन वर्षे ही धोरणाचा विषय आहेत, हे तिने ओळखले होते. ऊसतोडीच्या प्रदेशात ह्याहून अधिक मूलगामी उपाय लागतील : मुलीला गावी राहता येईल असे हंगामी वसतिगृह, दहावीनंतरची शाळा व तेथे नेणारी बस, आणि उचल जोडप्याच्या नावे न देता प्रत्येक श्रमिकाच्या नावे देण्याची पद्धत. ह्यांपैकी एकही उपाय आरोग्य खात्याच्या कक्षेत येत नाही, हीच त्यांच्या उपेक्षेची मेख आहे.

पदव्युत्तर संशोधनास येथे पुष्कळ अवकाश आहे. जननमानाचे आणखी एक कोष्टक करण्याऐवजी गंगाखेड व मानवत ह्या दोन तालुक्यांतील पन्नास-पन्नास गावांत विवाह, पहिले मूल, शेवटचे मूल आणि शस्त्रक्रिया ह्या चार घटनांची वये नोंदविली, तर सिद्धान्तास जे उत्तर देता येत नाही ते त्या नोंदवहीतून मिळू शकेल. देशादेशांची तुलना त्याज्य नव्हे. तिने मृत्यूची व जन्माची मोठी वळणे दाखविली, आणि दारिद्र्य हे अल्पायुष्याचे अटळ कारण नाही, हे सिद्ध केले. परंतु आकडा सारखा झाला म्हणजे आयुष्ये सारखी झाली, असे मानण्याची चूक तिच्यातून संभवते. जर्मनीतील स्त्रीला सतरा ते पंचवीस ही वर्षे शिकण्यास, मिळविण्यास व निवडण्यास मिळतात. परभणीतील निम्म्याजवळ मुलींच्या बाबतीत ह्याच आठ वर्षांत विवाह, मातृत्व आणि मातृत्वाचा शेवट हे सारे उरकून गेलेले असते. जननमान व आयुर्मान ह्यांच्या कोणत्याही मीमांसेने ह्या आठ वर्षांचा हिशेब दिला पाहिजे. तोपर्यंत ती मीमांसा अपुरीच म्हणावी लागेल.